निंगव्वाचा धोटा

मित्रांनो, सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका बोळात पत्र्याच्या छपराचा एक बंद कारखाना आहे. त्याच्या दाराला बाहेरून कुलूप नाही, तरीही ते उघडत नाही, कारण आतून दोन कोयंड्यांत अडसर घातलेला आहे. तो अडसर म्हणजे मी. जातीनं मात्र मी अडसर नव्हे. मी मागाचा जुना धोटा आहे, आणि आत माझ्याशिवाय कोणी नाही. मग मला इथे घातलं कोणी, असं तुम्ही विचाराल. जरा दम धरा. आधी माझी ओळख होऊ द्या.

मी हातभर लांब आहे, दोन्ही टोकांना निमुळता, आणि टोकांवर पोलादाच्या टोप्या. माझं पोट पोकळ. त्यात सूत गुंडाळलेली कांडी बसते. कुशीला चिनी मातीचा एक छोटा डोळा आहे, त्यातून सूत बाहेर येतं. माझं लाकूड कोणत्या झाडाचं होतं ते मला आठवत नाही. मला आठवतं ते मिल स्टोअरचं फळकूट, तिथला तेलाचा वास, आणि मला विकत घेणारा एक खोकणारा माणूस. तो निंगव्वाचा नवरा. दुकानदारानं मला 'शटल' म्हणून विकलं. घरी आल्यावर निंगव्वा तिच्या कानडीत मला 'लाळी' म्हणू लागली. समोरच्या तेलुगू घरात माझ्या भावंडांना 'नाडे' म्हणत. निंगव्वाचा मुलगा मल्लिनाथ सरळ 'धोटा' म्हणायचा. नावं चार, आणि काम एकच.

काम म्हणाल तर लाथा खाण्याचं. मागाच्या या बाजूनं लाथ बसली की त्या बाजूला जायचं, तिकडून बसली की परत यायचं. जाताना आडवा धागा मागे सोडायचा. पोचलो म्हणून विसावा नाही आणि परतलो म्हणून कौतुक नाही. पण माझ्या पाठीमागे चादर वाढताना दिसायची, लाल-निळ्या चौकटींची, आणि ऊर भरून यायचा. गिऱ्हाईक चादरीवर हात फिरवून म्हणायचं, काय पोत आहे! त्यात माझा वाटा होता. कोणी बोलून दाखवला नाही, इतकंच.

आता माझ्या कामातली खरी गोष्ट सांगतो. मला तोंड लावल्याशिवाय माझं काम सुरू होत नाही. कांडी पोटात बसवायची, धाग्याचं टोक डोळ्याशी आणायचं, बाहेरून डोळ्याला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सुळकन धागा ओठात येतो. कांडी संपली की पुन्हा तेच, दिवसभर. म्हणून मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, श्वासावरून ओळखतो. निंगव्वाच्या नवऱ्याच्या श्वासाला तंबाखूचा आणि पुढे पुढे गंजासारखा वास येई. तो गेला आणि निंगव्वानं मला हातात घेतलं. तिच्या श्वासाला पानाचा नि लसणाचा वास होता. पुष्कळ वर्षांनी त्यातही तोच गंज आला. मला तो कळला. पण लाकडाला चव कळते, वाचा नसते.

तोवर मल्लिनाथच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको राजेश्वरी वळसंगची, शेतकऱ्याच्या घरची, कामाला वाघीण. तिची मुलगी ऋतुजा शिकून शहराबाहेरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली होती. सासू, सून, मुलगा मिळून घरातले चार माग चालवत. राजेश्वरी धागा जोडायची, कांड्या भरायची, मागावर उभी राहायची. फक्त एक गोष्ट निंगव्वा तिला करू द्यायची नाही.

"ए पोरी, ठेव ती लाळी. तोंड लावू नगंस."

"का वो आत्याबाई? मला काय धागा वडता येत न्हाय?"

"नगं म्हनलं की नगं. हाक मार, मी वडून देते."

आणि म्हातारी खरंच धापा टाकत या मागावरून त्या मागावर जायची आणि सुनेच्या वाटचा धागा स्वतः ओढून द्यायची. एवढंच नव्हे. तिनं आपलं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, आणि दोन्ही ती स्वतः घासायला लागली. अंथरूणही घरातून उचलून कारखान्यात आणलं. राजेश्वरीच्या काळजाला ते घरं पाडून गेलं. शेजारच्या तानाबाईपाशी ती एकदा भडाभडा बोलली, मी मागावर पडून ऐकत होतो.

"माझ्या हातची भाकरी चालती, माझं तोंड तेवढं चालत न्हाय. माझं उष्टं व्हतंय तिला. मला काय उकिरड्यावरनं उचलून आणलीय व्हय?"

"म्हाताऱ्या मानसांचं सोवळं असतंय बाई," तानाबाई म्हणाली. "मनावर घेऊ नगं."

पण मनावर घेऊ नको म्हटलेली गोष्टच माणूस मनावर घेतं. सासू-सुनांचं बोलणं कामापुरतं उरलं. मित्रांनो, एका प्रश्नाचं काम होतं. 'का?' एवढंच नीट बसून विचारायचं होतं. एक विचारीना आणि दुसरी सांगेना.

निंगव्वा गेली ती माझ्यापाशीच. भरदुपार होती, बाकीचे माग खडखडत होते. तिनं कांडी बदलली, मला उचललं, ओठ लावले आणि श्वास ओढला. धागा तिच्या दातांत आला. मी नेहमीप्रमाणे वाट पाहिली, की आता ती श्वास सोडेल, धागा बोटाला गुंडाळेल आणि मला मागाच्या टोकाच्या पेटीत ठेवेल. श्वास परत आला नाही. ती मागाच्या खांबाला पाठ लावून खाली बसली, आणि मी तिच्या ओठांशी तसाच राहिलो. आत घेतलेला तो श्वास माझ्यातून घेतलेला होता. तो बाहेर पडलाच नाही. राजेश्वरीनं पाहिलं तेव्हा तिला वाटलं, म्हातारी टेकलीय जरा.

निंगव्वाच्या माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडे, एक रीत होती. विणणारं माणूस गेलं की त्याचा धोटा दारात न्यायचा. घरच्या कोणीतरी त्याच्या पोटातून डोळ्यावाटे रस्त्याकडे एक फुंकर मारायची. आत काही अडकलं असेल तर ते मोकळं होतं. मग तो धोटा पुन्हा मागावर चढवायचा नाही. निंगव्वानं ही रीत मुलाला हजारदा सांगितलेली. नवऱ्याच्या वेळी तिनं स्वतः माझ्यातून फुंकर मारली होती, आणि मल्लिनाथ लहान असल्यानं पोटासाठी मलाच पुन्हा हाती घेतलं होतं. रीतीतला अर्धा भाग तिनं मोडला, त्याची हळहळ तिला जन्मभर होती.

मल्लिनाथनं दोन्ही भाग मोडले. त्याचंही ऐका, तो वाईट माणूस नाही. चौकटीच्या चादरीला दोन रंग लागतात, दोन रंगांना दोन धोटे. ते जोडीचे असावे लागतात, वजनाला सारखे, झिजलेलेही सारखे. मी आणि माझा जोडीदार वर्षानुवर्षं बरोबरीनं झिजलो होतो. एकाला काढलं की माग अडखळतो. गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती, माल पोचवायचा होता. आईचे दिवस झाल्यावर तो मला हातात धरून दारापर्यंत आला, बोळाकडे पाहिलं आणि माघारी फिरला.

"गड्डा झाला की मारू फुंकर," तो म्हणाला. "आईला काम पडून राहिलेलं कुटं आवडायचं?"

आणि त्यानं मला पेटीत ठेवलं. निंगव्वाच्या दातांतला तो धागा त्यानं तोडला नव्हता. तो तसाच चादरीत विणला गेला. ती चादर कुणाच्या अंगावर आहे, मला माहीत नाही.

आता माझ्या मागावर राजेश्वरी उभी राहू लागली. इतक्या वर्षांनी अडवणारं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं मला उचललं, इकडेतिकडे पाहिलं, पदरानं माझा डोळा पुसला आणि ओठ लावले. तिनं श्वास ओढला. धागा डोळ्याच्या काठापर्यंत आला आणि आत परत गेला. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा गेला. मित्रांनो, ते मी करत नव्हतो. मी लाकूड आहे, मला कुठलं करता येतंय! माझ्या पोकळ पोटात, कांडीच्या मागे, कोणीतरी उलटं फुंकत होतं.

मल्लिनाथ आला, त्यानं ओठ लावले, धागा सुळकन बाहेर. राजेश्वरीनं लावले, धागा आत. असं दिवसेंदिवस चाललं. मल्लिनाथ म्हणाला, "डोळा घासलाय त्येचा. जरा जोर लाव की." पण राजेश्वरीला ते कारण पटलं नाही. धागा परत जाताना तिच्या ओठांवर वारा लागायचा, आणि त्या वाऱ्याला पानाचा नि लसणाचा वास होता. एकदा तिनं मला पेटीवर आदळलं आणि ढसाढसा रडली.

"मेली तरी मला तोंड लावू देईना!"

रडता रडता तिला खोकला आला. खोकला तसा महिन्याभरापासूनच होता. सुताची तूस घशात गेली असेल, असं सगळे म्हणाले. इथे सगळेच खोकतात. मीही तसंच म्हटलं असतं, पण तिच्या श्वासात मला तो जुना वास लागला होता, अगदी थोडासा, चिमटीएवढा. नवरा, मग निंगव्वा, आणि आता ही. माझ्या अंगावर काटा येत असता तर आला असता.

एके दिवशी मागांना सुट्टी होती आणि ऋतुजा मला तिच्या शाळेत घेऊन गेली. पिशवीत वह्या, डबा आणि मी. तिनं मला टेबलावर ठेवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत माझं नाव लिहिलं. "शटल म्हणजे काय?" तिनं विचारलं. वर्ग नुसता उसळला. एक जण म्हणाला बॅडमिंटनचं फूल. दुसऱ्याचे मामा पुण्यात नोकरीला, तो म्हणाला कंपनीची बस, जी सारखी जाते-येते. तिसऱ्यानं अवकाशात जाऊन परत येणारं यान सांगितलं. माझ्याकडे बोट कोणी दाखवलं नाही. सोलापूरची पोरं, आणि त्यांना धोटा ठाऊक नाही! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग ऋतुजानं त्यांना त्या शब्दाची कुळकथा सांगितली. ती म्हणाली की सगळ्यात जुन्या इंग्रजीत हा शब्द बाणाला होता, भाल्याला होता, नेम धरून फेकायच्या वस्तूला होता. तसाच एक जुळा शब्द दाराच्या अडसराला होता, कारण तोही एका बाजूनं सर्रकन सरकवतात. गोळी झाडण्याला आणि दार लावण्याला इंग्रजीत जे शब्द आहेत, तेही याच घराण्यातले. मग विणकरांनी तो शब्द आपल्या फेकल्या जाणाऱ्या लाकडाला दिला. ते लाकूड जातं आणि परत येतं, म्हणून पुढे जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीला, फुलाला, यानाला त्याचंच नाव मिळालं. "म्हणजे हे सगळे अर्थ याच्या पोटातून निघाले," ती माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि याच्याही आधी होता तो बाण."

पहिल्या बाकावरची सृष्टी नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, जे जे जातंय आणि परत येतंय, त्या सगळ्याला शटल म्हनायचं का?"

"हो, म्हणता येईल."

"मग मानूस गेलं आणि परत आलं तर?"

ऋतुजा फळा पुसायला वळली. आजी जाऊन फार दिवस झाले नव्हते. मुलांनी मला हातोहात फिरवलं. सृष्टीनं मला कानाला लावलं आणि तिचा चेहरा बदलला. "मॅडम, यात कोनतरी धापा टाकतंय." वर्ग हसला. दुसऱ्या एका मुलानं पिपाणी वाजवतात तसं मला तोंडाकडे नेलं, तशी ऋतुजानं झडप घालून मला हिसकावलं. "तोंड लावायचं नाही!" ती ओरडली. ओरडल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. ते शब्द तिचे नव्हते, आजीचे होते. लहानपणापासून ऐकलेले.

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. राजेश्वरी भाकरी थापत म्हणाली, "इंग्रजांचं बरं हाय, एका पातेल्यात सगळा सैपाक." ऋतुजा हसली. मला मात्र हसू आलं नाही. पिशवीत पडल्या पडल्या मी विचार करत होतो. जाणं-येणं मी जन्मभर केलं. माझ्या नावातले दोन अर्थ अजून माझ्या वाट्याला यायचे होते, अडसर आणि बाण. अडसराचं काही वाटलं नाही. बाणाची मला भीती वाटली. धोटा उडणं म्हणजे काय, ते विणकरांच्या घरी पोरासोरांना ठाऊक असतं. धावता धावता धाग्यात अडकलो, की आम्ही मागातून बाहेर सुटतो, पोलादी टोक पुढे करून. आमच्या बोळातले येडूकाका एकाच डोळ्यानं जग बघतात. त्यांचा दुसरा डोळा असाच एका धोट्यानं नेला होता.

आणि तो दिवस आला. दुपार होती, ऊन पत्र्यावर तापलं होतं. मल्लिनाथ समोरच्या मागाशी होता. राजेश्वरीनं माझी कांडी बदलली आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आज बघतेच," ती माझ्या डोळ्यात पाहून म्हणाली. "तुमी का मी."

तिनं ओठ लावले आणि छाती फुटेल इतका श्वास ओढला. आतून कोणीतरी तितक्याच जोरानं फुंकलं. क्षणभर धागा मध्येच थरथरत उभा राहिला. मग आतला जोर कमी पडला. मेलेल्याचा एकच श्वास, तो जितीच्या छातीला किती पुरणार! धागा तिच्या ओठात आला. राजेश्वरीनं कपाळावरचा घाम पुसला. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. तिनं मला पेटीत ठेवलं, माग सुरू केला, आणि शेजारच्या मागावर तुटलेला धागा जोडायला वाकली. तिचं कानशील माझ्या वाटेच्या अगदी सरळ रेषेत आलं.

लाथ बसली. मी निघालो. मध्येच एक तुटका धागा आडवा आला, माझं नाक वर उचललं गेलं आणि पायाखालचा माग नाहीसा झाला. मित्रांनो, मी उडालो होतो. समोर राजेश्वरीचं कानशील, घामानं चिकटलेले केस, तिथली थडथडणारी निळी शीर. मी थांबू शकत नव्हतो. हजार वर्षांपूर्वीचं माझं पहिलं नाव मला ओढत नेत होतं.

तेवढ्यात माझ्या पोटातून कोणीतरी फुंकलं. धागा परत ढकलणारी ती फुंकर नव्हती. छातीत साठवून ठेवलेला सगळाच्या सगळा श्वास एकदम सोडावा तशी होती ती. माझं टोक तेवढ्यानं वर झालं. राजेश्वरीच्या केसांना हवा लागली, मी तिच्या डोक्यावरून गेलो आणि समोरच्या भिंतीत, उंचावरच्या कोनाड्यात ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर आदळलो. डबा खाली आला, त्याचं झाकण उडालं, आणि आम्ही दोघे फरशीवर पडलो.

मल्लिनाथनं मेन स्विच बंद केलं. सगळे माग थांबले. डब्यातून सुताचे बोळे घरंगळत राजेश्वरीच्या पायाशी आले होते. टाकाऊ सुताचे, मुठीएवढे बोळे, एकात एक कोंबलेले. सगळ्यांवर वाळून काळपट झालेलं रक्त. काही जुने, काही त्यामानानं ताजे. तो डबा निंगव्वाचा होता, तिच्या अंथरुणाच्या बरोबर वरचा.

राजेश्वरी खाली बसली. तिनं एक बोळा उचलला आणि बघत राहिली.

"आई रगात वकत व्हती?" मल्लिनाथ तिच्याशेजारी बसला. "आन् आपल्याला पत्ता न्हाय?"

"ताट येगळं," राजेश्वरी हळूहळू म्हणाली. "पेला येगळा. अंथरून हितं आनलं. सासऱ्यांच्या मागनं ही लाळी तोंडाला लावली, तवाच लागलं आसंल त्यास्नी. ठावं व्हतं त्यास्नी." तिनं बोळा डब्यात परत ठेवला. "माझं उष्टं चालत न्हाय म्हनून न्हाय वो. त्यांचं उष्टं मला लागू नये म्हनून. आन् मी गल्लीभर त्यांची नालस्ती केली."

म्हातारीनं सांगितलं का नाही, ते मला कळतं. नातीचं लग्न व्हायचं होतं, बोळात बोभाटा झाला असता, लोकांनी घरचं पाणी पिणं सोडलं असतं. तिनं आपल्यापुरती तोड काढली. मल्लिनाथ पोरवयापासून धोट्याला तोंड लावत आलेला, त्याला अडवायला उशीर झाला होता; सून अजून वाचवता येणार होती. रोग स्वतःशी ठेवायचा, राग सुनेचा सोसायचा, आणि धागा आपण ओढायचा. मरून गेली तरी तिनं तो नेम सोडला नाही.

राजेश्वरी हमसून हमसून रडली आणि त्या रडण्यात तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाशी धरला. पदर बाजूला केला तेव्हा त्यावर एक लाल ठिपका होता. मल्लिनाथनं तो पाहिला. एरवी त्यानं काढा दे म्हटलं असतं, उद्या बघू म्हटलं असतं. त्या दिवशी त्यानं चपला घालायलाही वेळ घेतला नाही. तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की क्षय धरलाय, पण वेळेवर आलात. औषध एक दिवस न चुकवता घेतलंत तर बरा होतो. घरच्या सगळ्यांना तपासलं. आणि पुन्हा धोट्याला कोणी तोंड लावायचं नाही, हे बाईंनी मल्लिनाथला खडसावून सांगितलं.

राजेश्वरीनं औषध एकदाही चुकवलं नाही. ऋतुजा रोज समोर बसून गोळी द्यायची. मल्लिनाथनं तीन माग विकले. माझा माग मात्र त्याला विकवेना. एक दिवस तो मला दारात घेऊन आला, फुंकर मारायला. पण तोंड लावायचं नव्हतं, म्हणून नुसताच बोळाकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, चुकलो." मग त्यानं मला मागावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. माझ्या पोटात आता काही उरलेलं नाही, ते सगळं त्या दुपारी राजेश्वरीच्या केसांवरून गेलं, हे त्याला मी कसं सांगणार होतो!

दिवस गेले. राजेश्वरी बरी झाली, तिनं अंग धरलं. आणि कामाच्या माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. तिचे हात शिवशिवू लागले. जोडी तशीच आहे, माग तसाच आहे, एक चादर फक्त काढावी, कुणाला सांगायचं नाही. मल्लिनाथ बाजारात गेला तशी ती उठली. मला तिची पावलं अंगणात ऐकू आली.

त्याच वेळी, मित्रांनो, मला कोणीतरी उचललं. बोटं लागली नाहीत. माग, भिंत, जाळीची खिडकी, सगळं जागच्या जागी होतं. फक्त पानाचा नि लसणाचा वास आला. त्यात गंज अजिबात नव्हता. मी हवेतून दाराकडे गेलो, आणि कोयंड्यांत सर्रकन सरकलो.

राजेश्वरीनं दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. मल्लिनाथ परत आला, त्यानं फटीला डोळा लावला आणि मागे सरला.

"आतनं अडसर हाय."

"आत कोन जानार? दुसरं दार कुटं हाय?"

"धोटा दिसतोय. आईचा." त्यानं ओठ ओले केले. "उंदरानं पाडला आसंल."

"उंदरानं उचलून कोयंड्यात घातला व्हय?"

मल्लिनाथ पहार आणायला वळला. राजेश्वरीनं त्याचा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग ती दाराशी आली, डॉक्टरीण बाईंनी शिकवल्याप्रमाणे पदर तोंडाला घट्ट लावला, आणि फटीशी वाकली. तिच्या आणि माझ्यामध्ये एका फळीचं अंतर होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "न्हाय लावत तोंड. लेक म्हनून सांगते, न्हाय लावत."

मी कोयंड्यात आणखी बोटभर आत सरकलो. तो आवाज तिनंही ऐकला. ती घाबरली नाही. तिनं दारावर हात ठेवला. आता रोज सकाळी अंगण झाडताना ती दारापाशी थांबते आणि घरातलं काहीबाही सांगते. ऋतुजाचं लग्न ठरलं, ते मला तसंच कळलं.

म्हणून मी इथे आहे. माझ्या नावातले सगळे अर्थ मी जगून घेतले. आता मला कुठे जायचं नाही आणि यायचं नाही. तुम्ही कधी त्या बोळातून गेलात तर दार ढकलून पाहू नका. घरी जा, आणि तुमच्या घरात जे कोणी तुम्हाला एखाद्या गोष्टीला हात लावू देत नसेल, तोंड लावू देत नसेल, त्याच्यावर रुसण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा, का ते. माणूस आहे तोवरच विचारा, मित्रांनो. तो गेल्यावर उत्तर द्यायला लाकडाला बाण व्हावं लागतं.